मीटर म्हणत होतं, पाणी चांगलं आहे

मी बेळगावच्या शहापूरची. विणकरांचं घर. दर अमावस्येला बाबा मागावरचं जुनं लिंबू उतरवून चौकात टाकायला द्यायचे, आणि कॉलेजात असताना एकदा मी त्याच लिंबाचं सरबत करून सगळ्यांसमोर प्यायले होते. आईनं अबोला धरला, मला काही झालं नाही. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते जेवताना करमणूक म्हणून... स्वतः कधी लिहायला बसेन असं वाटलं नव्हतं.

केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाल्यावर बेळगावातल्या एका खासगी लॅबमध्ये लागले. विहिरी, बोअर, नाले, तळी – कुणी बोलावलं की जायचं, पाणी तपासायचं, रिपोर्ट द्यायचा. उन्हाळ्यात मासे मेल्याचे फोन येतातच. पाण्यातला ऑक्सिजन संपला की मासे मरतात. त्यात गूढ असं काही नसतं.

ही मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. निपाणीच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की ते गाव लागतं. नाव देत नाही, का ते पुढे कळेल. गावाच्या वरच्या अंगाला सूत रंगवायचा कारखाना, आणि खाली मातीचा बांध घातलेलं मोठं तळं. मासेमारीचा ठेका भरमाप्पा नावाच्या वयस्कर माणसाकडे. त्याच्या तळ्यातले झाडून सगळे मासे मेले होते. फोनवर तो एवढंच म्हणाला, "कारखान्यानं इख सोडलंय मॅडम. सगळं गाव गप हाय. तुमी या."

सकाळच्या उन्हात मी आणि आमचे ड्रायव्हर बसूअण्णा तिथे पोचलो. काच बंद असतानाही गाडीत वास शिरला. बांधावर माणसं आधीच जमलेली. आम्ही उतरलो तशी कुणीतरी आमच्या गाडीमागे ट्रॅक्टर आडवा लावला. बाकीचे नुसते बघत होते.

अर्ध्या गावाची चूल त्या कारखान्यावर पेटते, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

"काय करालाय इथं?" एक धिप्पाड माणूस पुढे आला. मारुती त्याचं नाव, कारखान्यात सुपरवायझर. "कुणी बलिवलंय तुमास्नी?"

"भरमाप्पांनी. पाणी तपासून लगेच जाणार आहोत."

"उनानं मेलीत मासं. तपासायचं काय त्यात? माघारी जावा."

मागून एक बाई ओरडली, "आमच्या पोरांच्या पोटावर पाय द्यायला आलीस व्हय गं? तुझा पगार चालू ऱ्हाणार, आमचं काय?"

मी उत्तर न देता डिकी उघडली आणि आइस बॉक्स खाली ठेवला. मारुतीनं शांतपणे त्याला लाथ घातली. बाटल्या उतारावरून गडगडत गेल्या. बसूअण्णा माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "ब्याड मॅडम, होगोण." नको, जाऊया. खरं सांगते, मी घाबरले होते. पण रागही आला होता. बाटल्या गोळा केल्या आणि तशीच पाण्याकडे उतरले.

भरमाप्पाकडे होडी नव्हती. गुळाची एक जुनी काहील होती, तीच तो होडीसारखी वापरायचा. त्या मोठ्या लोखंडी कढईत मी कशीबशी बसले आणि तो बांबूनं ढकलत मला मध्यभागी घेऊन गेला. चारी बाजूंना मेलेले मासे. कटला, रोहू, मरळ... फुगलेले, पांढरे पडलेले, डोळे कावळ्यांनी काढलेले.

थोड्या वेळानं लक्षात आलं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आहेत. बांधाकडे. जिथे माणसं उभी होती तिकडे.

वारा असेल, असं मी मनात म्हटलं. मग काठावरच्या बाभळीकडे बघितलं. एक पानसुद्धा हलत नव्हतं.

भरमाप्पा म्हणाला, "मगाशी तोंडं तुमच्या गाडीकडं व्हती." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ऑक्सिजन मोजायच्या मीटरचा प्रोब पाण्यात सोडला.

आता हे नीट समजून घ्या. इतके मासे कुजत असलेल्या तळ्यात ऑक्सिजन जवळजवळ शून्य यायला हवा. कुजणंच तो खाऊन टाकतं. पण मीटरवर जेवढा आला तेवढा मी कणकुंबीच्या जंगलातल्या झऱ्यावरही पाहिलेला नाही. पुन्हा कॅलिब्रेट केलं. जागा बदलली. खोल सोडून बघितलं. तेच. बाकी तपासण्याही व्यवस्थित. मीटर म्हणत होतं, पाणी चांगलं आहे. अगदी उत्तम आहे.

"काय आलं ओ मॅडम?" मारुती काठावरून ओरडला.

मी खोटं कसं बोलणार? "मीटरवर तरी चांगलं दिसतंय," मी म्हटलं.

बांधावर हशा आणि शिट्ट्या. भरमाप्पानं बांबू थांबवला आणि माझ्याकडे असं बघितलं की आजही आठवलं की कसंतरी होतं. "चांगलं? मग ही कशानं मेली? नाक न्हाय व्हय तुमास्नी?"

मी सॅम्पलच्या बाटल्या भरल्या, सील केल्या आणि आम्ही काठाला लागलो.

मारुती आता रंगात आला होता. "ऐकलंसा सगळ्यांनी? शिकलेली बाई सांगालीया, पाणी चांगलंय म्हणून! ह्या म्हाताऱ्यानं गावाची बदनामी केली." त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "बघा, आत जाऊन पिऊन दावतो."

मी "नको" म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. तो हसत हसत आत गेला, मांडीपर्यंत पाण्यात जाऊन वाकला आणि ओंजळ भरली.

आणि मासे हलले.

मी स्वतः पाहिलंय. शेपटी हलत नव्हती, कल्ले हलत नव्हते. मेलेलेच होते ते. पण लांबच्या कडेचे, मधले, आजूबाजूचे... सगळे त्याच्याकडे सरकायला लागले. घाई नाही, आवाज नाही. पाण्यावर साधी लाटसुद्धा नाही. मारुतीनं ओंजळ टाकून दिली. तोवर ते त्याच्या मांड्यांना येऊन भिडले होते, आणि मागचे पुढच्यांवर चढत होते. ओल्या पोत्यांची थप्पी रचावी तसे.

तो वळायला गेला आणि वळता येईना.

"वढत्यात..." तो एवढंच म्हणाला. मग ओरडला, "आयला, वढत्यात रं मला! धरा!"

कुणी पुढे होईना. मघाशी माझ्या अंगावर येणारी माणसं चार पावलं मागे सरली होती. मारुती कमरेपर्यंत खचला. मग छातीपर्यंत. शेवटी पुढे कोण झालं माहिती आहे? भरमाप्पा. त्यानं बांबू पुढे केला, मारुतीनं तो धरला, मग बसूअण्णा धावले, मी धावले, आणि मग बाकीचे. एवढी माणसं ओढत होतो तरी तो येत नव्हता. समोरून कुणीतरी तितक्याच ताकदीनं ओढत होतं. हे हातांना कळतं हो... चिखलात रुतलेला माणूस ओढणं वेगळं आणि हे वेगळं.

मग एकदम सुटला. आम्ही सगळे उताणे पडलो. उठून बघितलं तर मासे परत तळ्यावर पसरत होते, आणि तोंडं पुन्हा काठाकडे. ट्रॅक्टर कुणी बाजूला घेतला मला आठवत नाही. आम्ही निघालो तेव्हा बांधावर कुणीच नव्हतं.

लॅबमध्ये बाटल्यांची सीलं मीच तोडली. पाणी काळं होतं. भरताना स्वच्छ दिसलेलं पाणी... ऑक्सिजन नाही, आणि सूत रंगवताना वापरतात ती रसायनं ठासून भरलेली. आमच्या सरांनी दुसरीकडून तपासून घेतलं, तोच निकाल. मीटर कंपनीकडे पाठवलं, तर त्यात काही बिघाड नाही असं उत्तर आलं. सर म्हणाले, "उन्हात तुझं वाचायला चुकलं असेल." बसूअण्णांनी माशांचं सांगितलं, तेव्हा सर हसले. मी हसू शकले नाही.

त्या रिपोर्टवर कारखाना बंद पडला. बरेच दिवस मला अनोळखी नंबरवरून फोन येत होते. काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि एक दिवस दुपारी मारुती लॅबमध्ये आला. निम्मा झाला होता. मला वाटलं, कारखान्यावरून भांडायला आलाय. पण त्याबद्दल एक शब्द काढला नाही. टेबलापलीकडे उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"पाणी चांगलंय असं तुमी का म्हणालासा?"

"मीटरवर तसंच आलं होतं."

"मग रिपोर्टात इख कसं आलं?"

मी मीटर कंपनीचं पत्र पुढे सरकवलं, त्यानं ते बघितलंही नाही.

"तुमी चांगलं म्हणालासा म्हणून मी आत गेलतो. न्हायतर त्या पाण्यात पाय घातला नसता मी. मला ठावं व्हतं ओ त्यात काय हाय ते! मीच सोडायला लावलंतं." त्याचा आवाज चढला. मग माझ्याकडे बोट करून हळू म्हणाला, "मला आत घ्यायला तुमास्नी म्होरं केलं त्या माशांनी."



पावसाळ्यानंतर भरमाप्पाचा फोन आला. तळं भरलंय, माशांचं नवीन बी सोडलं होतं, मासे चांगले वाढलेत. मला बरं वाटलं. पण जाळं टाकायला कुणी उतरत नाही म्हणाला. गावातलं कुणीच नाही, आणि तोसुद्धा नाही. "मासं काठाला येऊन थांबत्यात मॅडम. हाकललं तरी जात न्हाईत. तेवढं एकदा येऊन पाणी बघून जावा की."

जाईन म्हटलंय. दरवेळी काहीतरी काम निघतं. गॅस, तळातला प्रवाह, चिखल – सगळ्याचा विचार करून झालाय माझा. एकही उत्तर पुरं पडत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा... फक्त 'एकदा परत जाऊन मोजून बघ' असं सांगू नका.