पंचांच्या खुर्चीतले सासरे

आमचे हस्तीमलशेठ विम्बल्डनवर जीव टाकतात, तेही फक्त महिला एकेरीवर. पुरुषांचा खेळ म्हणजे त्यांना नुसती आदळआपट वाटते. "काय ते पांढरे कपडे, काय ती शिस्त, आणि किती मोकळ्या पोरी!" जळगावात त्यांचं भांड्यांचं दुकान माझ्या दुकानासमोरच आहे, त्यामुळे हे कौतुक मला ऐकावंच लागतं.

घरी मात्र दारात पाऊल टाकण्याआधी शेठ मोठ्यानं खाकरतात. खाकरलं की सुनेनं, प्रियलनं, डोक्यावर पदर घ्यायचा. सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. सांगायचंच असलं तर सासूबाईंमार्फत. हीच प्रियल माहेरी, शिरपूरला, कॉलेजची टेनिस चॅम्पियन होती. लग्न जुळवताना शेठनी ते चारचौघांत मिरवलं. लग्न झालं आणि रॅकेट माळ्यावर गेली.

यंदा शेठना लहर आली आणि त्यांनी 'खान्देश विम्बल्डन' भरवलं. फक्त महिला एकेरी. पंच कोण, तर स्वतःच! घरची सून खेळली नाही तर लोक काय म्हणतील, म्हणून प्रियललाही परवानगी मिळाली. टोपी कपाळावर ओढली की पदराचं काम भागतं, असा निवाडाही त्यांनीच दिला. प्रियल थेट अंतिम सामन्यात पोचली. विजेतीला मिळणारी ढाल तिला मनापासून हवी होती. सासूबाईंना तिनं तसं सांगितलंही होतं.

समोर भडगावची मेघा, आणि उंच खुर्चीत शेठ. सून समोर आली की सवयीनं शेठ खाकरायचे. ते ऐकलं की प्रियलचा हात टोपीकडे, टोपी डोळ्यांवर आणि चेंडू मागच्या जाळीत. पहिला सेट असाच गेला. मला इतका संताप आला की ती खुर्चीच हलवावीशी वाटली. उपांत्य सामन्यात रडणाऱ्या बाळाला आईसकट बाहेर घालवणारे हेच पंच! म्हणे, खेळ चालू असताना आवाज नको.

दुसऱ्या सेटमध्ये शेठ पुन्हा खाकरले. प्रियल थांबली. तिनं टोपी काढून बाकावर ठेवली आणि खुर्चीपाशी गेली.

"पंच, कोणीतरी सारखं खाकरतंय. मला खेळता येत नाही. त्यांना बाहेर काढा."

लग्नानंतर सासऱ्यांशी तिचं हे पहिलंच बोलणं. शेठ उगाच प्रेक्षकांत शोधू लागले. तेवढ्यात मेघाचे वडील चुडामण पाटील ओरडले, "शेठ, आवाज तं तुमनाच शे!"

सगळे खो खो हसले. नियम शेठचाच, त्यामुळे शेठना उतरावं लागलं. ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. मुलींनी गुण आपापसांत मोजले आणि प्रियलनं उरलेले दोन्ही सेट घेतले. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

ढाल द्यायला शेठना बोलावणं गेलं. ते फाटकापर्यंत आले. समोर घामाघूम सून, डोकं उघडं. शेठचा हात घशाकडे गेला आणि तिथेच राहिला. न खाकरता तिच्यासमोर जायची त्यांना सवयच नव्हती. लोक ताटकळले, फोटोवाला कंटाळला, तरी शेठ काही आत येईनात.

शेवटी ढाल सासूबाईंनी दिली.