रोमचा रांजण, मुरबाडचा बांध

मुरबाडकडे रेल्वेचं खोदकाम सुरू झालं, त्यात रोमन रांजणांचे तुकडे निघाले आणि काम महिनाभर थांबलं. मी साइटचा सुपरवायझर, महिनाभर नुसता बसून होतो. बसलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात!

पुण्याहून पुरातत्त्वाच्या मॅडम आल्या होत्या. जुन्या काळी नाणेघाटातून जाणारा हा माल, असं त्यांचं म्हणणं. पण हाती नुसती खापरं. रांजणाचं एक तरी अख्खं बूड मिळावं म्हणून त्या देव पाण्यात घालून बसल्या होत्या. महिना संपला की मशीन चालणार होतं.

पोकलेनवाल्या रघूनं विचारलं, यातून काय यायचं? मॅडम म्हणाल्या, दारू, थेट रोमहून. रघूनं घाटाखालच्या वैशाखरे गावाकडे हात केला.

"येवढ्या लांबून? वैशाखऱ्यात मिळत नव्हती काय?"

सोनं निघाल्याची बातमी पसरली. शहापूरहून एक आजी रिक्षा करून आल्या, खापरं बघितली आणि म्हणाल्या, यापरीस बरी आमच्या उकिरड्यावर हायेत.

खापरं धुवायला हिराबाई होत्या. काही तुकड्यांना आतून काळा थर होता. तो तपासला की आत काय होतं ते कळणार होतं. मॅडम जेवून येईपर्यंत हिराबाईंनी सगळे तुकडे राखेनं घासून लख्ख केले. मॅडमना रडूच फुटलं. मलाही वाईट वाटलं, पण हसू आवरेना.

"अवो, खरकटं तसंच ठेवू काय?" हिराबाई म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी मॅडम एका बांधावर टेकल्या. काशिनाथ आणि मारुती या दोन म्हाताऱ्या भावांच्या शेतांमधला तो बांध. दोन्ही शेतं रेल्वेत गेलेली. भाऊ एकमेकांशी बोलायचे ते फक्त या बांधावरून भांडायला. हद्दीची खूण म्हणून आजोबांनी रोवलेला दगड मॅडमच्या हाताला लागला. तो दगड नव्हताच. रोमन रांजणाला असतं तसं टोकदार बूड होतं, अख्खं!

कुदळ आणली तसे दोघे भाऊ आडवे आले. मी समजावलं, उद्या बांधच राहणार नाही, हे निदान म्युझियममध्ये जपलं जाईल. काशिनाथनं मान हलवली.

"खरं हाय साहेब. पण हा गेला तर आमी भांडायचं कुठं?"

मॅडम म्हणाल्या, "पुण्याला या."

दोघांनी मिळून ते बूड काढून दिलं.

परवा मॅडमचा फोन आला. दोघे म्हातारे एकाच एसटीनं आलेत, आणि म्युझियमचा वॉचमन विचारतोय, यांचं काय करू?