विमानामागे पळायचं काम

सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "पळता येतं का तुला?"

मी त्यांचा रेडिओ दुरुस्त करत होतो. हातात तापलेला सोल्डरिंगचा दांडा, आणि समोर धोतर-कोट घातलेला साठीपुढचा माणूस हे विचारतोय. मला वाटलं, माझं काही चुकलं. मी म्हणालो, "येतं की. शेळ्यांमागं पळालोय."

"मग रविवारी सकाळी सातला ये. उपाशी येऊ नकोस."

गाव माझं जत तालुक्यात. सातवीनंतर शाळा सुटली. कुणी काढून टाकलं नाही. शेळ्यांमागं जायला घरात दुसरं कुणी नव्हतं, एवढंच. पुढे मिरजेत एका दुकानदाराकडे रेडिओची दुरुस्ती शिकलो. त्यांच्या मेव्हण्याने रत्नागिरीत दुकान काढलं, त्याला माणूस हवा होता, आणि त्यांनी मला पाठवलं. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. दुकानामागची खोली मिळाली, हाताला काम मिळालं. त्या दोघांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण रविवारी दुकान बंद असायचं, आणि रविवार काढायचा कसा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालत जायचो, धक्क्यावर बसायचो, परत यायचो. वाटेत लोक विचारायचे, "काय, बरं आहे ना?" आणि मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत ते चार पावलं पुढे गेलेले असायचे. रविवारी संध्याकाळी खाणावळही बंद. असा दिवस मी घोटाघोटाने संपवायचो.

सर एका तांत्रिक शाळेत सुतारकाम आणि ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना नाद होता छोटी विमानं करण्याचा. बाल्सा नावाचं कापसासारखं हलकं लाकूड मुंबईहून यायचं. त्याच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर पातळ कागद, कागदावर वार्निश. नाकाशी अंगठ्याएवढं इंजिन. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण त्याला पाजायचं. मोजून पंधरा सेकंद पुरेल एवढंच. तेवढ्यात विमान गोल गोल चढत जायचं, इंजिन बंद पडलं की घारीसारखं तरंगत खाली यायचं. एकदा हातातून सुटलं की त्याच्यावर कुणाचा ताबा नाही. जिकडे वारा नेईल तिकडे ते, आणि त्याच्यामागे पळणारा माणूस.

तो माणूस इतकी वर्षं सर स्वतःच होते. आता त्यांचा उजवा गुडघा गेला होता.

आरे-वारेच्या बाजूला डोंगरमाथ्यावर जांभ्याचं सपाट पठार आहे. तिथे त्याला सडा म्हणतात. सर स्कूटर चालवायचे, मी मागे पंख छातीशी धरून. वारा पंखात भरला की मी सीटवरून उचलला जातोय असं वाटायचं. जीव मुठीत धरून बसायचो. पंख मोडला तर पुढच्या रविवारी बोलावणार नाहीत, हीच भीती.

उडवायची वेळ सरांनी ठरवलेली. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा असतो, त्यात सोडलं तर विमान पाण्यात. उन्हं चढली की खारा वारा उलट आत येतो, त्यात सोडलं तर आंब्याच्या बागांत. एक पडतो आणि दुसरा उठतो, त्यामधली पाऊण-एक तासाची फट असते. सर बोट ओलं करून उभे राहायचे. मी चपला काढून तयार.

"सोडतो," म्हणायचे, आणि मी पळायचो.

विमानाला वर जाऊन तिथेच राहण्याची खोड होती. कातळ तापला की गरम हवा वर चढते, त्यात सापडलं तर ते घारींच्या पंगतीला जाऊन बसायचं. म्हणून शेपटीला एक पेटती वात लावलेली असे. वात जळत येऊन एक रबर तोडायची, शेपटी वर उचकायची, आणि विमान फतकल मारल्यासारखं खाली यायचं. तरीसुद्धा दहातल्या चार वेळा ते खालच्या वाडीत पडायचं. मी दगडी गडग्यांवरून उड्या मारत वाडीत उतरायचो, घरोघर विचारायचो, "विमान बघितलंत काय?" माझी बोली ऐकून बायका हसायच्या. पाणी द्यायच्या, आमसुलाचं सरबत द्यायच्या, कुठल्या कलमावर अडकलंय ते दाखवायच्या. विमान शोधून देणाऱ्याला सर नारळ द्यायचे. तो पोचवायचं कामही माझंच. आठवड्याभरात मी जेवढं बोलायचो त्याहून जास्त त्या एका सकाळी बोलून व्हायचं.

दोन हिवाळे असे गेले. मग त्या वातीने घात केला. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत वाळून पिवळं झालेलं. विमान उतरलं आणि वातीचं टोक गवतात पडलं. बघता बघता एका शेताएवढ्या जागेत आग पसरली. वाडीतले दहा-बारा जण हिरव्या डहाळ्या घेऊन धावत आले, आम्हीही झोडपत होतो. विझल्यावर वाडीचे गावकार, म्हणजे देवाचा मान असलेले म्हातारे, काळ्या राखेत उभे राहून शांतपणे म्हणाले, "मास्तरांनू, विमान उडवा. पण आमचा डोंगर उडवू नका."

सरांनी त्यांच्यापुढे हात जोडले. वात त्या दिवसापासून बंद.

वात नाही म्हटल्यावर पुढच्याच खेपेला विमान वर गेलं, ठिपका झालं, आणि दिसेनासं झालं. मी दुपारपर्यंत शोधलं. शेवटी गावकारांनी देवळात नेलं, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या मास्तरांचं विमान खंय चुकलं-माकलं असेल तर ते वाटेवर आण रे महाराजा." मागून चार माणसं "होय महाराजा" म्हणाली. मीही म्हणालो. विमान तिसऱ्या दिवशी एका काजूवर मिळालं. पण सर त्या रात्री जेवले नव्हते, हे काकूंनी, सरांच्या बायकोने, मला सांगितलं. "हात थरथरतो त्यांचा. हे गेलं तर दुसरं होणार नाही. आणि स्वयंपाकघरातली फळी दोन वर्षं निखळलेली आहे, ती मात्र दिसत नाही."

तेव्हा सरांनी ठरवलं, विमानाला रेडिओ बसवायचा. आणि तो मी बसवायचा.

त्यांच्या भाच्याने आखातातून एक खेळण्यातली मोटार आणली होती, हातातल्या डबीचं बटण दाबलं की वळणारी. तिचं पोट फाडून मी आतलं सामान बाहेर काढलं. डबीचा हुकूम तीस पावलांपलीकडे पोचत नव्हता. तार लांब केली, सेल वाढवले, दोन गुंडाळ्या नव्याने गुंडाळल्या, तेव्हा तीनशे पावलं गेली. अशा गोष्टीला सरकारी परवाना लागतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सर त्यांच्या बाजूने विमानाला तयार करत होते. शेपटीचं उभं पान कापून, दोऱ्याने शिवून, दारासारखं हलतं केलं. रेडिओचं वजन सोनाराच्या काट्यावर तोललं आणि पंखांचा कोन थोडा उतरवला, नाहीतर जड झालेलं विमान नाक वर करून पडलं असतं. आपोआप गोल चढावं म्हणून शेपटीला दिलेला बाक काढून टाकला. म्हणाले, "इतकी वर्षं ह्याला स्वतःच्या अकलेने जायला शिकवलं. आता म्हातारपणी ऐकायला शिकवायचं."

आता मुख्य गोष्ट सांगतो. बटण एकच, आणि वळायच्या बाजू दोन. सरांकडच्या एका जुन्या इंग्रजी मासिकात यावर दोन युक्त्या चित्रासकट दिल्या होत्या. दोन्हींत शेपटीचं पान हलवणारं, पिळलेल्या रबरावर फिरणारं एक चक्र, आणि त्याला अडवणारं विजेचं लोहचुंबक. पहिल्या चक्रात बटण दाबलं की उजवी, सोडलं की मधे, पुन्हा दाबलं की डावी, सोडलं की मधे, मग परत उजवी. आता कुठली पाळी आहे ते माणसाने लक्षात ठेवायचं. दुसऱ्या चक्रात एकदा दाबलं की नेहमी उजवी, पटकन दोनदा दाबलं की नेहमी डावी. लक्षात काहीच ठेवायला नको.

मी पहिलं केलं.

सरांनी विचारलं, "दुसरं का नाही?"

"त्याचे दाते बारीक आहेत, सर. मला जमायचं नाही."

"बरं," म्हणाले.

खोटं बोललो होतो. जमलं असतं. घड्याळ दुरुस्त करणारा शेजारीच होता, त्याची कानस मिळाली असती. पण हिशेब माझ्या मनात लख्ख होता: विमान हरवायचं थांबलं की पळणारा माणूस नको. पहिल्या चक्राला मात्र दोन माणसं लागतात, एक बटण दाबायला आणि एक पाळी लक्षात ठेवायला. सर नजर विमानावर ठेवणार, मी शेजारी उभा राहून सांगणार, "आता उजवी, आता डावी." माझी रविवारची जागा मी त्या चक्रात बसवून घेतली होती.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी आम्ही ते उडवलं. पहिल्या दोन खेपा बिनचूक झाल्या. विमान उजवीकडे वळलं, डावीकडे वळलं, आणि आमच्यापासून पन्नास पावलांवर येऊन उतरलं. मी पाळी सांगत होतो.

तिसऱ्या खेपेला सर वाकून इंजिन चालू करत होते. डबी माझ्या हातात होती. मनात आलं, सेल उतरले तर नसतील? म्हणून मी बटण एकदा दाबून बघितलं. शेपटी हलली. जीव भांड्यात पडला, आणि मी डबी सरांच्या हातात दिली. त्या एका दाबण्याने पाळी उलटली, हे डोक्यातच आलं नाही.

विमान चढलं. समुद्राच्या बाजूला कडा, तिकडे ते सरकायला लागलं.

"कुठली?" सर म्हणाले.

"उजवी."

त्यांनी दाबलं. ते डावीकडे, कड्याकडे वळलं.

"उजवी म्हणालास ना?"

"हो. नाही, थांबा सर. सोडा. आता दाबा."

ते दाबतात तोवर मी परत म्हणालो, "नको, नको." मी पार गोंधळलो. विमान भोवऱ्यासारखं फिरत कड्याच्या अलीकडे उतारावरच्या करवंदीच्या जाळीत घुसलं. दहा हात पुढे गेलं असतं तर पाणीच होतं.

सर एक पाय ओढत माझ्यामागोमाग उतारावर आले. येऊ नका म्हटलं तरी आले. पंख मधोमध मोडला होता. ते दगडावर बसून कागदातले काटे एकेक करून काढायला लागले. त्यांची बोटं थरथरत होती. मला गाव आठवलं, परतीची एसटी आठवली, सगळं एकदम आठवलं.

"सर, चूक माझी. तुम्ही वाकला होतात तेव्हा मी मधेच दाबून बघितलं."

"का?"

"चालतंय का, म्हणून."

"चालत होतं की." त्यांना हसू आलं. मला ते सहन झालं नाही.

"दुसरं चक्र मला करता आलं असतं," मी म्हणालो. "दाते बारीक आहेत हे मी उगाच सांगितलं."

ते थोडा वेळ काटेच काढत राहिले. का सांगितलंस, असं त्यांनी विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, देव जाणे. त्यांनी विचारलं नाही.

"मग कर आता," म्हणाले. "पंख मी बघतो. तू नुसता धर, हात माझा हलतो."

महिनाभर मी रोज दुकान बंद झाल्यावर त्यांच्याकडे जात होतो. मी काड्या धरायचो, ते चिकटवायचे. एका बाजूला पितळेच्या पत्र्यातून मी दाते कानसत होतो. काकूंची फळीही त्यातच ठोकून दिली. काकू म्हणाल्या, "हा मुलगा आधीच मिळायला हवा होता." मी मान खाली घालून कानसत राहिलो.

दुसरं चक्र पहिल्याच दिवशी बिनचूक चाललं. त्या रविवारी सड्यावर सरांनी विमान सोडलं आणि मला काही विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं. एकदा दाबलं, उजवी. दोनदा दाबलं, डावी. मी सवयीने चपला काढून उभा होतो. पळायचं नव्हतं, मोजायचं नव्हतं, दोन्ही हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"बस की जरा," सर वर बघतच म्हणाले. "किती पळालायस."

मी कातळावर बसलो. आणि तेव्हा लक्षात आलं की हातातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत हे विमान मी कधी सलग बघितलंच नव्हतं. आजवर माझं निम्मं लक्ष पायाखालच्या दगडांवर असायचं. ते फार संथ वळत होतं. वळताना पंखाच्या कागदातून ऊन आरपार येत होतं आणि आतल्या काड्या दिसत होत्या, त्यातल्या नव्या कुठल्या तेही ओळखू येत होतं. खाली वाडीत कुणीतरी लाकडं फोडत होतं. तिकडे जायला आता मला काही निमित्त नव्हतं.

विमान सरांच्या पायाशी येऊन थांबलं.

त्यानंतर आणखी दीड वर्ष, ते मुलीकडे पुण्याला राहायला जाईपर्यंत, मी दर रविवारी जात राहिलो. स्कूटरवर पंख धरायचो, ईथरची बाटली उघडायचो, आणि मग बसून बघायचो. पंख दोरीने बांधून त्यांना एकट्याला सहज जाता आलं असतं. आता तुझं इथे काय काम, हे सर आज विचारतील, उद्या विचारतील, अशी धाकधूक मला प्रत्येक रविवारी असायची. त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.