पाकिटावरची जीभ

पाकीट बंद करायचं म्हटलं की आमचे हवालदार आधी डाव्या हाताने मिशी सावरत आणि मग जीभ बाहेर काढत. एका दमात पाकिटाची पूर्ण कड ओली. गोंदाची बाटली मी स्वतः आणून त्यांच्या टेबलावर ठेवली होती. "तिचं तोंड सुकलंय, मॅडम. माझं न्हाय," ते म्हणत.

बेळगावातल्या एका पोलीस ठाण्यात मी कारकून आहे. मुद्देमालाच्या याद्या माझ्याकडे, मुद्देमाल त्यांच्याकडे. एकाही वस्तूसाठी त्यांनी मला दोनदा विचारायला लावलं नाही. यादी ठेवणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख नसतं, हे तुमच्यापैकी काहींना पटेल.

विडीचं थोटूक असो की चहाचा कागदी कप, ते चिमट्यानेच उचलत, सावलीत वाळवत. नव्या साहेबांनी एकदा थोटूक प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं. "साहेब, घाम फुटंल की त्याला! थुकी नासली की माणूस गेला हातातनं. कागदात घाला." थुंकीतून डीएनए निघतो, हे त्यांनी ठाण्याच्या चहावाल्यालाही समजावलं होतं. तो बिचारा तेव्हापासून उष्टे कप उचलताना कचरत असे.

मग शहापुरात एका मागाच्या कारखान्यात चोरी झाली, रखवालदाराचं डोकं फुटलं. खिडकीखाली विडीचं थोटूक मिळालं. तिथल्याच एका तरुण विणकराला संशयावरून धरलं आणि त्याची रवानगी हिंडलग्याच्या तुरुंगात झाली. थोटूक तपासणीला गेलं. अहवाल आला: दोघांची थुंकी मिसळलेली आहे, संशयिताबद्दल काही सांगता येत नाही.

साहेब म्हणाले, "म्हणजे दोघं होते. एक हा. दुसरा शोधा."

हवालदार अहवाल घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"मॅडम, त्या दिवशी पाकीट मी कसं चिकटवलं?"

रोज ते कसं चिकटवत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ओली कड आतल्या थोटकाला लागली असणार.

"पेन्शनला दीडच वर्ष राहिलंय तुमच्या," मी म्हणाले. मला त्या वाक्याची आजही लाज वाटते.

"व्हय. अन् त्यो पोरगा आत हाय."

पाकीट आपण जिभेने चिकटवलं होतं, असा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. गालाच्या आतून कापसाच्या काडीने आपला नमुना दिला. त्यांचा भाग बाजूला काढल्यावर उरलेली थुंकी त्या विणकराची निघाली नाही. तो सुटला. हवालदारांना नोटीस मिळाली, आणि चिकोडीला बदली.

निघायच्या दिवशी विणकराची आई आली, हात जोडून. "अण्णा, तुमच्यामुळं सुटला."

"माझ्यामुळं दोन म्हैनं ज्यास्त आत ऱ्हायला, आक्का. हात नका जोडू."

तिने हात खाली घेतले. मग म्हणाली, "लई वाळलाय वो माझा पोरगा."

हवालदारांनी हातातली बॅग खाली ठेवली, तिला बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. पोरगा आता किती जेवतो, दार वाजलं की कसा दचकतो, मागावर बसला की हात कसे थांबतात, ती एकेक सांगत गेली. ते मान खाली घालून ऐकत होते. चिकोडीची बस गेली, तरी उठले नाहीत.

मी डबा खाऊन परत आले तेव्हा बाक रिकामा होता.