उंटापुढचं प्यादं

अंगणात मोहफुलं वाळत पडली की त्यांचा गोड, उग्र वास मला कामठ्याच्या आमच्या घराच्या ओसरीवर नेतो. माझा थोरला भाऊ क्षयानं खाटेवर पडला होता. त्याचे सोबती यायचे थांबले, म्हणून बुद्धिबळाला समोर मीच बसायची. त्या दिवशी दुसऱ्याच चालीला त्यानं उंटापुढचं प्यादं माझ्या तोंडात दिलं.

"कायले देऊन राहिला फुकट?"

"फुकट नाही, बाई. तू ते खात बसशील, तवर मधली घरं माझी. प्यादं देलं का वेळ भेटते."

मला ते पटलं. पुढं आईनं मीठ सोडलं, देवीला बोकड दिला, माझं आयुष्य त्याले लागो म्हणाली.

मोहफुलं वेचून संपायच्या आत तो गेला. एवढं देऊन आम्हाला एका चालीचाही वेळ मिळाला नाही.