पाटीबरोबरची पिशवी

जर्मनीत, झिंडेलफिंगेनमध्ये आमच्या मजल्यावर दोनच घरं होती. एक आमचं, समोरचं एका जर्मन आजींचं. जिना झाडून पुसायची पाळी एक आठवडा त्यांची, एक आठवडा आमची. तिथे त्याला केअरवोखे म्हणतात. आपली पाळी संपली की शनिवारी 'केअरवोखे' लिहिलेली पाटी समोरच्या दाराच्या मुठीला अडकवायची. आजी पाटीबरोबर एक कापडी पिशवीही अडकवत. तीत त्यांची वाचून झालेली कादंबरी असे.

सगळ्या कादंबऱ्यांचा मामला साधारण एकच. संसार मोडलेली किंवा नोकरी गेलेली एखादी बाई लहानशा गावात येते. गाव आधी तुटक वागतं, मग तिला आपलं म्हणतं. माझी बायको शब्दकोश शेजारी ठेवून त्या वाचायची. पुण्यात ती शाळेत शिकवत होती. इथे दिवसभरात तिच्याशी बोलणारं माणूस म्हणजे आजी, त्याही दारात उभ्या उभ्या. तिला काळजी नको म्हणून त्या शेवट आधीच सांगून टाकत. "मध्ये रडू येईल, पण पुढे सगळं ठीक होतं."

"तीनशे पानांत अख्खं गाव आपलं होतं?" मी एकदा म्हटलं. "वेग जरा जास्त वाटतो."

"पन्नासाव्या पानावरच कुणीतरी केक घेऊन येतं," ती म्हणाली. "मला इथे दोन वर्षं झाली. मार्चपर्यंत बघते, अहो. नाही जमलं तर मी परत जाते."

ती चिडून बोलली असती तर मी समजूत काढली असती. ती अगदी शांतपणे बोलली होती.

त्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरून आजींचं मनगट मोडलं. पाळी त्यांची होती. बायकोने न विचारताच जिना लख्ख पुसून काढला. आपल्याकडे शेजारीण पडली तर विचारत कोण बसतं? आजींनी दार उघडलं, ओल्या पायऱ्या पाहिल्या.

"मी माझी पाळी आजवर चुकवलेली नाही," एवढं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

शनिवारी पाटी आली. पिशवी नव्हती.

"कादंबरीत अशा वेळी काय करतात?" मी विचारलं.

"केक घेऊन माफी मागायला जातात."

"मग जा की."

"त्यांना केक नकोय हो. मुलगा त्यांना वृद्धाश्रमात जा म्हणतोय, त्यांनीच मागे सांगितलं होतं. त्यांचा जिना मी पुसला म्हणजे त्याचंच खरं झालं. माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही."

पुढची आमची पाळी गेली आणि पुन्हा त्यांची आली. हात अजून प्लास्टरमध्येच होता. बायको भरलेली बादली घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. पुढचं मला तिनेच सांगितलं.

"पुसायचं तुम्ही. मी नुसती बादली धरते."

आजींनी बादलीत डोकावून पाहिलं. "पाणी गरम आहे का?"

"आहे."

मी कामावरून आलो तो नेमका त्या वेळी. पहिल्या पायरीवर पाय ठेवतो तोच वरून दोन आवाज एकदम आले, "थांबा! ओलं आहे! बूट काढा!" दोन्ही जर्मनमध्ये. बायकोने माझ्यावर जर्मनमध्ये ओरडण्याची ती पहिलीच वेळ. बूट हातात घेऊन मी खाली मोज्यांवर उभा राहिलो. आजी डाव्या हाताने सावकाश पुसत होत्या आणि बायको एकेक पायरी बादली खाली आणत होती. एका कोपऱ्यात धूळ राहिली होती. मला ती दिसली. मी ती तशीच राहू दिली.

शनिवारी पाटीबरोबर पिशवी आली.

"शेवट सांगितला का?" मी विचारलं.

"नाही. म्हणाल्या, आता तुझं तू वाच."

मार्च आला. विषय मीच काढला. "तिकिटाचं बघायचं का?"

तिने पुस्तकातून मान वर केली नाही. "बघा. पण जाण्या-येण्याचं. आणि आधी पाळी बघा हं, आपल्या आठवड्यात नको."