इंजिनाची अकरा मिनिटं

साऱ्या सुरतेत रेल्वेला धाक वाटावा असा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. भल्याभल्या पुढाऱ्यांना भीक न घालणारे मालधक्क्यावरचे बाबू मामांच्या मनगटावरच्या घड्याळापुढे चळचळा कापत. मामा मूळचे अमळनेरकडचे. नव्वदच्या दशकात चलथाणच्या वाटेवरच्या एका कापड मिलमध्ये ते साइडिंग क्लार्क होते आणि मी तिथेच बॉयलर खात्यात. साइडिंग म्हणजे स्टेशनापासून मिलच्या यार्डापर्यंत आलेला आमचा खासगी रूळ. रेल्वेचं इंजिन त्यावरून कोळशाच्या वॅगन आत आणून लावी, रिकाम्या ओढून नेई आणि दर फेरीचे पैसे लावी. वॅगन जास्त वेळ अडकल्या तर दंड वेगळा. स्टेशनवरचा बाबू दहा मिनिटं जास्त लिही, मामा वही घेऊन जात आणि ती कापूनच परत येत. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की आमच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली, तेव्हा ते भटजींच्या कानाशी लागले, "गुरुजी, चार मिनिटं तुमच्याकडून जास्त झाली. इथं सही करा." गुरुजींनी घाबरून केलीसुद्धा!

फेरीचा दर ठरवायची रीत मात्र मोठी गमतीची. रेल्वेचा साहेब येणार, इंजिनाच्या काही फेऱ्या घड्याळ लावून मोजणार, सरासरी वेळ काढणार, वेळ जास्त तर दर जास्त, आणि पुढची काही वर्षं तोच दर. एरवी ड्रायव्हर वाटेत तासभर डुलकी काढो, दर बदलत नाही. म्हणून तर मामींचा रोजचा चहा कुणाला खुपत नसे. त्यांची खोली रुळाला लागूनच होती. इंजिन दिसलं की मामी किटली घेऊन बाहेर येत, ड्रायव्हर ब्रेक लावी, गवती चहा घातलेला चहा होई आणि मग गाडी पुढे.

नव्या मोजणीचा दिवस ठरला तेव्हा शेठ मामांना म्हणाले, "मामा, भाव वध्यो तो साइडिंग बंध. कोलसो ट्रकमां आवशे." दर वाढला की साइडिंग बंद, आणि साइडिंगच नसेल तर साइडिंग क्लार्क कशाला हवा, हे कुणी बोललं नाही. मामांना ते न बोलताही कळलं. त्यांनी यार्डातली कुत्री बांधली, कॅन्टीन बंद ठेवलं, मला बजावलं, "जावईबापू, आज शिंक आली तरी गिळा." साऱ्या दुनियेला ताकीद दिली, फक्त घरी सांगायचं राहिलं.

फेऱ्या झकास चालल्या होत्या. शेवटच्या फेरीला मामी नेहमीसारख्या बाहेर आल्या. साहेब आलेत म्हणून नव्या कपबशा आणि मोठी किटली. ड्रायव्हरने सवयीनं ब्रेक लावला. मामा दोन पावलं धावले आणि थबकले. डोक्यावर पदर घेऊन हसतमुखाने कप पुढे करणाऱ्या बायकोवर चारचौघांत ओरडायचं कसं? साहेब स्वतः दोन कप प्याले. मिशा पुसत, घड्याळ बघत हळूच म्हणाले, "मामा, ग्यारह मिनट हुए. काट दूँ?"

मी मागून कोपराने ढोसत होतो, हो म्हणा, हो म्हणा. मामांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "इंजन खड़ा था ना साब? तो लिखो."

साहेब निघून गेल्यावर मी चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "इतकी वर्षं त्यांची खोटी मिनिटं कापली हो. आपली खरी कशी कापू?"

दर वाढला. काही महिन्यांत कोळसा ट्रकने येऊ लागला, रुळांत गवत माजलं. मामांना गोडाऊनमध्ये सुताचे गठ्ठे मोजायला बसवलं. तिथे घड्याळाचं काहीच काम नव्हतं. रुळालगतची खोली सोडून ते सुरतेतल्याच गोडादऱ्यात राहायला गेले.

तिथे गेलो की मामी अजून चहा करतात आणि पाहुण्यांना हमखास सांगतात, "रेल्वेचे मोठे साहेब इंजिन थांबवून माझा चहा प्याले होते. विचारा यांना." साइडिंग का बंद पडली, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मामा बशीतला चहा फुंकत मान डोलावतात, आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "दोन कप प्याले. मी स्वतः पाहिलंय."